घोडनदीचा तोफखाना
पुणे जिल्ह्यातील शिरूरला आपण घोडनदी म्हणतो. तेथल्या छावणीत १८११ साली मुंबई इलाख्याच्या घोडतोफखान्याची पहिली तुकडी उभी राहिली. १८४३ साली ती सिंधमधील हैदराबादच्या लढाईत लढली. तिचे ‘गरुड’ हे बिरुद त्या लढाईशीच जोडलेले आहे. १८६२ साली कंपनीचा तोफखाना इंग्लंडच्या शाही तोफखान्यात सामील झाला, आणि ही तुकडी आजही ब्रिटिश लष्करात आहे.

पण शिरूरची छावणी पोसली कोणी? ती तैनाती फौजेची छावणी. १८०२ च्या वसईच्या तहाने पेशव्यांनी त्या फौजेसाठी २६ लाखांचा मुलूख तोडून दिला. तो वसूल कुणब्यांच्या घामाचा होता. कप्तानांची नावे इतिहासात राहिली. घोडे खरारणाऱ्या मोतद्दारांची राहिली नाहीत. आम्ही कामगार चळवळीतली माणसे इतिहास वाचतो, तो हा जमाखर्च तपासण्यासाठी.