मुष्टियुद्धाची माझी आवडती पुस्तके

सुरत म्हटले की आपल्याला शिवरायांच्या १६६४ आणि १६७० च्या स्वाऱ्या आठवतात. त्याच सुरतेच्या पूर्वेला सोनगडचा किल्ला आहे. पिलाजीराव गायकवाडांनी १७१९ मध्ये तो घेतला आणि तिथूनच गायकवाडी उभी राहिली. पुढे बडोद्यात स्थिरावलेल्या या मराठी दरबाराने गुजरातच्या जेठीमल्लांना आश्रय दिला. मुठीत शिंगाचे अणकुचीदार हत्यार धरून लढायची त्यांची कुस्ती म्हणजे वज्रमुष्टी. बॉक्सिंगवरील पुस्तकांचा विषय निघाला की लोक महंमद अलीकडे वळतात. मी मात्र या आपल्या मुष्टियुद्धाकडे वळतो.

पहिले पुस्तक 'मानसोल्लास'. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने तो ११३० च्या सुमारास रचला. आपल्या गोव्याचे कदंब याच चालुक्यांचे मांडलिक. त्यात राजाच्या करमणुकीच्या प्रकारांत 'मल्लविनोद' येतो. नावच सांगते की हे पाहणाऱ्याच्या जागेवरून लिहिले आहे.

दुसरे, दोमिंगो पाइश या पोर्तुगीज प्रवाशाचा वृत्तांत. १५२० च्या आसपास तो विजयनगरला गेला होता. तिथल्या महानवमीची कुस्ती आपल्यासारखी नव्हे, तीत दात पडावेत, डोळे फुटावेत असे ठोसे बसतात, असे तो नोंदवतो. तिसरे पुस्तक फ्रेंच प्रवासी लुई रुसले याचे, १८७५ चे. खंडेराव गायकवाडांच्या काळातील बडोद्याची वज्रमुष्टी त्यात आहे, आणि भरपूर रक्तही आहे.

या दोन्ही प्रवाशांच्या पुस्तकांत लढणारा माणूस दुरूनच दिसतो. तो घरी काय खात असे, सराव कसा करी, याची चौकशी हे प्रवासी फारशी करत नाहीत.

म्हणून चौथे पुस्तक मला सर्वांत प्रिय : 'मल्लपुराण'. हा जेठीमल्लांचा स्वतःचा संस्कृत ग्रंथ. कृष्णाने सोमेश्वर नावाच्या ब्राह्मणाला मल्लविद्या दिली, ही कथा त्यात आहे. पण खरी गंमत पुढे आहे. मल्लांचे प्रकार, व्यायाम, आखाड्याची तयारी आणि कोणत्या ऋतूत काय खावे, हे सारे त्यात येते. बाहेरच्यांना जिथे फक्त रक्त दिसले, तिथे या माणसांनी शरीर राखण्याचे शास्त्र लिहून ठेवले. सांडेसरा आणि मेहता यांनी संपादित केलेला हा ग्रंथ गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत १९६४ मध्ये निघाला. 'मानसोल्लास'ही याच मालेतला, श्रीगोंदेकरांनी संपादिलेला.

आज म्हैसूरच्या राजवाड्यात विजयादशमीला जेट्टी वज्रमुष्टी खेळतात. डोक्यातून रक्त निघताच लढत थांबते. सगळा खेळ काही क्षणांचा. वर्तमानपत्रांत छायाचित्र येते तेही त्या रक्ताचेच. ते पाहताना मल्लपुराणातला आहाराचा भाग आठवावा, एवढेच सुचवावेसे वाटते.