जेडीबीसी

जावा भाषेत लिहिलेल्या प्रोग्रॅमला डेटाबेसशी संपर्क साधता यावा, त्याला क्वेरी पाठवता यावी आणि उत्तर वाचता यावे यासाठी ठरवून दिलेला क्लास व इंटरफेस यांचा संच. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने तो फेब्रुवारी १९९७ मध्ये जावाच्या १.१ आवृत्तीबरोबर दिला. मायएसक्यूएल, पोस्टग्रेएसक्यूएल, ओरॅकल, एसक्यूएल सर्व्हर हे डेटाबेस आतून कितीही वेगळे असले, तरी प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला सगळीकडे कनेक्शन, स्टेटमेंट आणि रिझल्टसेट हीच नावे भेटतात. फरक सांभाळायचे काम ज्या त्या डेटाबेसच्या ड्रायव्हरचे. महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाच्या पदविका अभ्यासक्रमात जेडीबीसी प्रगत जावाच्या विषयात शिकवतात.

पूर्वपीठिका : आयबीएममध्ये काम करणाऱ्या एडगर कॉड यांनी १९७० मध्ये रिलेशनल डेटाबेसची कल्पना मांडली. त्यातून पुढे एसक्यूएल ही भाषा आली आणि १९८६ मध्ये तिचे अमेरिकी मानक ठरले. पण भाषा ठरली तरी प्रोग्रॅममधून ती डेटाबेसपर्यंत पोचवायची कशी, हे ठरलेले नव्हते. प्रत्येक कंपनीची लायब्ररी वेगळी, त्यामुळे डेटाबेस बदलला की कोड पुन्हा लिहिणे आले. मायक्रोसॉफ्टने १९९२ मध्ये आणलेल्या ओडीबीसीने यावर एकच मधला थर सुचवला. तीच युक्ती जेडीबीसीने जावात आणली. सुरुवातीला तर ती ओडीबीसीच्या खांद्यावर बसूनच चाले. जेडीबीसीची हाक ओडीबीसीकडे वळवणारा हा पूल पहिल्या प्रकारचा ड्रायव्हर मानला जाई. २०१४ च्या जावा ८ मध्ये तो काढून टाकला गेला. आज जवळजवळ सगळीकडे चौथ्या प्रकारचा, म्हणजे संपूर्ण जावातच लिहिलेला आणि नेटवर्कवरून थेट सर्व्हरशी बोलणारा ड्रायव्हर वापरतात. तरी ‘ड्रायव्हरचे चार प्रकार सांगा’ हा प्रश्न ओरलला अजून टिकून आहे. कनेक्शन का होत नाही हे शोधताना त्याच्या उत्तराचा काडीचा उपयोग होत नाही.

जोडणीची रचना : नवशिक्याला कनेक्शन म्हणजे कोडमधली एक ओळ वाटते. ड्रायव्हरमॅनेजरला पत्ता, यूजरचे नाव आणि पासवर्ड दिला की काम झाले. त्या ओळीमागे खरे तर स्वतःचा प्रोग्रॅम, ड्रायव्हरची जार फाइल, ज्या यंत्रावर डेटाबेस चालतो ते यंत्र, सर्व्हरमधले खाते आणि त्या खात्याला दिसणारा डेटाबेस असे पाच वेगवेगळे घटक असतात. पत्त्याची मांडणीही याच क्रमाने वाचता येते. आधी ‘जेडीबीसी’, मग ड्रायव्हर ओळखण्यापुरते ‘मायएसक्यूएल’ असे नाव, मग यंत्राचे नाव (घरच्या लॅपटॉपवर लोकलहोस्ट), पोर्टचा आकडा आणि शेवटी डेटाबेसचे नाव. मायएसक्यूएलचे नेहमीचे पोर्ट ३३०६, पोस्टग्रेएसक्यूएलचे ५४३२, ओरॅकलचे १५२१, एसक्यूएल सर्व्हरचे १४३३.

एररचे वाचन : लाल अक्षरांतली लांबलचक एरर पाहून विद्यार्थी बहुधा कोड बदलायला घेतो. पण बहुतेक वेळा कोड ठीकच असतो. कोणती एरर आली यावरून गाडी कुठपर्यंत पोचली ते कळते, आणि शिकवताना नेमके हेच वगळले जाते. ‘नो सुटेबल ड्रायव्हर’ आले तर निरोप प्रोग्रॅमच्या बाहेरच पडलेला नाही. जार फाइल प्रोजेक्टमध्ये घातलेली नसेल किंवा पत्त्याच्या सुरुवातीला स्पेलिंग चुकले असेल. इथे पासवर्ड बदलून पाहणे व्यर्थ. ‘कम्युनिकेशन्स लिंक फेल्युअर’ म्हणजे ड्रायव्हर आहे, तो निघालाही, पण पलीकडे दार उघडायला कोणी नाही. सर्व्हर सुरू नसेल किंवा पोर्ट चुकले असेल. लॅबमध्ये सर्वाधिक सापडणारे कारण म्हणजे मायएसक्यूएल चालवणाऱ्या झॅम्प या सॉफ्टवेअरच्या खिडकीत मायएसक्यूएलपुढचे स्टार्ट बटण दाबायचेच राहून गेले.

‘ॲक्सेस डिनाइड’ ही त्या मानाने चांगली बातमी आहे. १०४५ हा तिचा क्रमांक सर्व्हरकडूनच येतो, म्हणजे सर्व्हरपर्यंत पोचलो, फक्त त्याने ओळख पटवून घेतली नाही. त्याच ओळीच्या शेवटी कंसात पासवर्ड वापरला की नाही हे ‘येस’ किंवा ‘नो’ असे लिहिलेले असते, ते वाचावे. ‘नो’ असेल तर पासवर्ड चुकलेला नाही, तो पाठवलाच गेलेला नाही. पुढे १०४९ आले तर खाते बरोबर, पण त्या नावाचा डेटाबेस नाही. ११४६ आले तर डेटाबेस सापडला, टेबल नाही. या शेवटच्या एररचे एक ठरलेले सोंग आहे. विंडोजवर टेबलाच्या नावातली लहान-मोठी अक्षरे मायएसक्यूएल एकच धरते, लिनक्सवर वेगळी. म्हणून घरी व्यवस्थित चाललेला प्रोजेक्ट लिनक्सच्या सर्व्हरवर चढवला की टेबल ‘हरवते’.

जुन्या पुस्तकांत ‘क्लास डॉट फॉरनेम’ने ड्रायव्हर लोड करण्याची पायरी असते. जेडीबीसी ४.० पासून, म्हणजे २००६ च्या जावा ६ पासून, तिची गरज उरलेली नाही. जार फाइल जागेवर असली की ड्रायव्हर आपोआप सापडतो. जर्नलांमध्ये ती पायरी अजून उतरवली जाते.

क्वेरी आणि उत्तर : डेटा वाचायचा असेल तर एक्झिक्यूटक्वेरी आणि टाकायचा, बदलायचा वा पुसायचा असेल तर एक्झिक्यूटअपडेट. पहिल्यातून रिझल्टसेट मिळतो, दुसऱ्यातून किती रो बदलल्या तो आकडा. रिझल्टसेटचा कर्सर सुरुवातीला पहिल्या रोच्या आधी उभा असतो. ‘नेक्स्ट’ न म्हणता मूल्य मागितले की एरर येते. कॉलमची मोजणी १ पासून होते, जावातल्या ॲरेसारखी ० पासून नाही.

याहून घातक ती चूक, जिच्यात एररच येत नाही. गुणांच्या कॉलममध्ये ‘नल’ असेल, म्हणजे विद्यार्थी परीक्षेला बसलाच नसेल, तर गेटइंट ही मेथड निमूटपणे शून्य देते. गैरहजर आणि शून्य गुण मिळवणारा यांच्यात मग फरक राहत नाही, आणि वर्गाची सरासरी घसरते. हे टाळायला मूल्य वाचल्याबरोबर ‘वॉजनल’ने विचारून घ्यावे लागते.

प्रिपेअर्डस्टेटमेंट : सुरुवातीचा कोड बहुधा अधिक चिन्हांनी क्वेरी शिवतो. एसक्यूएलचा तुकडा, मग फॉर्ममध्ये भरलेले नाव, मग पुन्हा तुकडा. पाटील, जाधव, कुलकर्णी असे सगळे सुरळीत जाते. गोव्यातला किंवा वसईचा एखादा डिसोझा आपले आडनाव रोमन लिपीत ‘डी’नंतर वरचा स्वल्पविराम देऊन लिहितो, आणि क्वेरी कोसळते. कारण तेच चिन्ह एसक्यूएलमध्ये मजकूर संपल्याची खूण आहे. पुढची अक्षरे डेटाबेस हुकूम म्हणून वाचू लागतो. डिसोझाचा बिचाऱ्याचा काही डाव नसतो. पण हेच कोणी मुद्दाम केले तर त्याला एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. ऑक्टोबर २०१५ मध्ये टॉकटॉक या ब्रिटिश दूरसंचार कंपनीच्या १,५६,९५९ ग्राहकांची माहिती याच वाटेने गेली आणि पुढच्या वर्षी तिथल्या माहिती आयुक्तांनी कंपनीला चार लाख पौंड दंड केला.

प्रिपेअर्डस्टेटमेंटमध्ये मूल्याच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवतात आणि मूल्य वेगळे देतात. मग ते काहीही असो, त्याला हुकुमाचा दर्जा मिळत नाही. मात्र टेबलाच्या वा कॉलमच्या नावासाठी प्रश्नचिन्ह चालत नाही. तिथे परवानगी असलेल्या नावांची यादी कोडमध्येच ठेवून तपासणी करावी लागते. पुस्तके साधे स्टेटमेंट आधी आणि प्रिपेअर्डस्टेटमेंट ‘प्रगत’ म्हणून नंतर शिकवतात. हा क्रम उलटा हवा.

देवनागरीचा डेटा : मराठी नाव टेबलात टाकले आणि वाचताना प्रश्नचिन्हांची रांग आली, तर वाटेत कुठेतरी अक्षरे देवनागरी न जाणणाऱ्या संकेतपद्धतीतून गेली असे समजावे. मायएसक्यूएलमध्ये २०१८ च्या ८.० आवृत्तीपूर्वी लॅटिन१ हीच मूळ सेटिंग होती, आणि तिच्यात देवनागरीला जागा नाही. त्याच डेटाबेसमधले ‘यूटीएफ८’ अक्षरामागे जास्तीत जास्त तीन बाइट देते. देवनागरी त्यात बसते, इमोजी नाही, आणि मोडी लिपीही नाही. २०१४ मध्ये युनिकोडमध्ये आलेल्या मोडीच्या प्रत्येक चिन्हाला चार बाइट लागतात. त्यामुळे मोडी दस्तऐवजांची सूची करणाऱ्याला ‘यूटीएफ८एमबी४’ हेच निवडावे लागते.

कॉलमची लांबी ठरवतानाही चकवा बसतो. जोडाक्षर, काना, मात्रा, हलन्त हे सगळे सुटे मोजले जाते. ‘ज्ञानेश्वर’ डोळ्यांना चार अक्षरी, डेटाबेसला दहा. दहाच्या कॉलममध्ये तो काठोकाठ मावतो. ‘ज्ञानेश्वरी’ मावत नाही.

कनेक्शन बंद करणे व पूल : प्रत्येक कनेक्शनसाठी नेटवर्कचा संपर्क, खात्याची तपासणी आणि सर्व्हरवरची मेमरी खर्च होते. मायएसक्यूएल मूळ सेटिंगमध्ये एका वेळी १५१ कनेक्शने देते. उघडलेले कनेक्शन बंद न करणारा प्रोग्रॅम एकट्याने वापरताना बरा चालतो. वेबसाइट होऊन लोक येऊ लागले की १०४० क्रमांकाची ‘टू मेनी कनेक्शन्स’ एरर येते. २०११ च्या जावा ७ मधले ट्राय-विथ-रिसोर्सेस कनेक्शन आपसूक बंद करते. मोठ्या ॲप्लिकेशनमध्ये काही कनेक्शने आधीच उघडून एका पूलमध्ये, म्हणजे सामाईक साठ्यात, ठेवतात. तिथे ‘बंद करणे’ म्हणजे परत करणे.

पैसे एका खात्यातून काढून दुसऱ्यात टाकण्यासारखी दोन कामे एकत्रच व्हायची असतील, तर ऑटोकमिट बंद करून शेवटी कमिट करावे लागते. जेडीबीसीत ऑटोकमिट मुळात चालू असते. ते तसेच ठेवून मध्येच वीज गेली तर पैसे एका खात्यातून गेलेले आणि दुसऱ्यात न आलेले असे राहतात.

सद्यस्थिती : आज नोकरीत थेट जेडीबीसी लिहिण्याचे प्रसंग कमी येतात. हायबरनेट, स्प्रिंग यांसारखी फ्रेमवर्क टेबलांचे जावातल्या ऑब्जेक्टशी नाते लावून क्वेरी स्वतः तयार करतात. रिलेशनल डेटाबेसपर्यंत जाताना तीही खाली जेडीबीसीच वापरतात. म्हणून हायबरनेटची शंभर ओळींची एरर आली, तर अनुभवी माणूस वरून वाचत बसत नाही. तो सरळ शेवटच्या ‘कॉज्ड बाय’वर जातो. तिथे १०४५ किंवा ‘कम्युनिकेशन्स लिंक फेल्युअर’ लिहिलेले असते.