भूल देणाऱ्या डॉक्टरांची फी : क्लोरोफॉर्मपासून कॅशलेसपर्यंत

ऑपरेशन ठरलं की आष्टा परिसरातले रुग्ण हमखास विचारतात, "डॉक्टर, आमचा विमा आहे, पण भूल देणाऱ्या डॉक्टरांना तो चालतो का?" प्रश्न रास्त आहे. हॉस्पिटल आणि सर्जन आपण निवडतो. भूलतज्ज्ञ मात्र अनेकदा ऑपरेशनच्या दिवशीच भेटतात. हे असं का, ते कळायला थोडं मागे जावं लागेल.

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी अमेरिकेत बोस्टनला विल्यम मॉर्टन यांनी ईथरची भूल जाहीरपणे देऊन दाखवली. पुढच्याच वर्षी ईथर कोलकात्यात पोहोचलं आणि एडिनबरोच्या जेम्स सिम्पसन यांनी क्लोरोफॉर्म वापरात आणलं. ते द्यायला सोपं वाटे. कापडावर थेंब टाकून नाकाशी धरायचं, एवढंच. म्हणून ते काम अनेकदा सर्जनच्या मदतनीसाकडे असे. पण जानेवारी १८४८ मध्ये इंग्लंडमधली हॅना ग्रीनर ही १५ वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचं नख काढताना क्लोरोफॉर्मने दगावली. ऑपरेशन लहान असलं तरी भूल लहान नसते, हे तेव्हापासून डॉक्टरांना शिकावं लागलं. पुढे भूलशास्त्र ही स्वतंत्र शाखा झाली.

आपल्या भागात मिरजेला डॉ. विल्यम वॉन्लेस यांचं मिशन हॉस्पिटल १८९४ मध्ये सुरू झालं आणि १९६२ मध्ये सरकारी मेडिकल कॉलेज आलं. सरकारी रुग्णालयात भूलतज्ज्ञ पगारावर असतात. गावोगावच्या छोट्या खाजगी हॉस्पिटलांना मात्र पूर्णवेळ भूलतज्ज्ञ परवडत नाही. त्यामुळे एकच भूलतज्ज्ञ बोलावणं येईल तसे चार-पाच हॉस्पिटलांत जातात आणि दर ऑपरेशनला फी घेतात. वेगळ्या फीचा प्रश्न इथून आला.

१९८६ मध्ये सरकारी विमा कंपन्यांनी 'मेडिक्लेम' आणली. आधी बिल भरायचं, मग कागद पाठवून पैसे मागायचे, अशी तिची पद्धत होती. सर्जनच्या फीबरोबर भूलतज्ज्ञांची फीही त्यात धरलेली होती. २००१ मध्ये टीपीएसाठी नियम झाले आणि कॅशलेस वाढलं. पण कॅशलेसचा करार होतो तो विमा कंपनी आणि हॉस्पिटल यांच्यात. भूलतज्ज्ञांशी सहसा वेगळा करार नसतो.

अमेरिकेत तसं नाही. तिथे भूलतज्ज्ञांचा विमा कंपनीशी स्वतंत्र करार असू शकतो. त्यामुळे हॉस्पिटल विम्याच्या यादीत असूनही भुलेचं वेगळं बिल घरी येई. ते रोखणारा कायदा १ जानेवारी २०२२ पासून लागू झाला. 'विमा घेणारा भूलतज्ज्ञ शोधा' हा सल्ला तिकडचा आहे. आपल्याकडे आधी हॉस्पिटल शोधायचं.

राज्य सरकारची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढे राज्यभर गेली आणि २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं. तिच्या पॅकेजमध्ये भूलतज्ज्ञांची फी धरलेली असते. योजनेतल्या हॉस्पिटलात, योजनेत बसणाऱ्या ऑपरेशनसाठी ती वेगळी द्यायची नसते.

म्हणून भरती होण्याआधी हे विचारून घ्या :

१. हे हॉस्पिटल माझ्या विम्याच्या किंवा योजनेच्या यादीत आहे का?
२. भुलेची फी हॉस्पिटलच्याच बिलात येणार का? वेगळी द्यावी लागली, तर नंबर असलेली पावती घ्या आणि शक्यतो रोख देऊ नका. अशा वेगळ्या बिलांवर अनेक पॉलिसींत अटी असतात.
३. भूलतज्ज्ञ ऑपरेशनआधी तपासायला कधी येणार? दमा, बीपी, शुगर, चालू गोळ्या, औषधांची अ‍ॅलर्जी आणि आधीच्या भुलेचा त्रास हे सगळं त्यांना सांगा.

पहिले दोन प्रश्न पैशाचे आहेत, तिसरा जिवाचा. घाईगडबडीत नेमका तोच राहून जातो, तेवढा राहू देऊ नका.