भाज्यांपासून प्राणी कसे बनवायचे? मुलांना स्वतः जमतील असे ५ सोपे प्रकार

"उद्या भाज्यांपासून एक प्राणी बनवून आणा." रात्री साडेआठला वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर असा मेसेज येतो आणि घरात धावपळ सुरू होते. आई फ्रीजमधला भाज्यांचा कप्पा उपसते, बाबा यूट्यूबवर व्हिडिओ शोधतात. तासाभराने ओट्यावर एक देखणा पेंग्विन उभा राहतो. ज्याच्यासाठी हे सगळं चाललं, तो मात्र तोपर्यंत झोपलेला असतो!

खरं तर हा खेळ मुलांनी करण्याइतका सोपा आहे. फक्त प्राणी योग्य निवडायला हवा आणि थोडा वाकडातिकडा झाला तरी चालेल, असं मोठ्यांनी ठरवायला हवं. कसं ते जाणून घेऊया.

ही कल्पना नवीन आहे का?

अजिबात नाही. जपानमध्ये ओबोन या सणाला पूर्वज घरी येतात असं मानतात. त्यांच्यासाठी काकडीचा घोडा आणि वांग्याची गाय करतात. भाजीला चार काड्या टोचल्या की पाय तयार! पूर्वजांनी घोड्यावरून लवकर यावं आणि परत जाताना गाईवरून सावकाश जावं, ही त्यामागची भावना.

मेक्सिकोतल्या ओआहाका शहरात दरवर्षी २३ डिसेंबरला मुळ्यांपासून कोरलेल्या आकृत्यांची स्पर्धा भरते. ती १८९७ पासून सुरू आहे.

आणि 'मिस्टर पोटॅटो हेड' हे प्रसिद्ध खेळणं आठवतंय? १९५२ मध्ये ते अमेरिकेत बाजारात आलं, तेव्हा डब्यात बटाटा नव्हताच. फक्त टोचायचे डोळे, नाक, कान मिळायचे. बटाटा घरचा वापरायचा. प्लॅस्टिकचा बटाटा १९६४ मध्ये आला.

आधी भाजी बघा, मग प्राणी ठरवा

बहुतेक वेळा आपण उलटं करतो. आधी प्राणी ठरवतो आणि मग भाजी कापून कापून तो आकार आणायला बघतो. त्यात सुरीचं काम वाढतं आणि मूल बाजूला पडतं.

त्याऐवजी मुलांसमोर चार-पाच भाज्या ठेवा आणि विचारा, "हे कशासारखं दिसतंय?" कारल्याची खडबडीत पाठ मगरीसारखी असते. फ्लॉवरचा तुरा म्हणजे मेंढीची लोकर. आल्याचा तुकडा हातात फिरवून पाहिला, तर त्यात कधी कुत्रा तर कधी हरीण दिसतं. अर्धं काम भाजीनेच केलेलं असतं.

५ सोपे प्राणी

१. काकडीचा सुरवंट: काकडीच्या चकत्या ताटात एकमेकींना चिकटून नागमोडी ओळीत मांडा. तोंडाच्या जागी टोमॅटोची चकती, मिशांना कोथिंबिरीच्या दोन काड्या. यात टोचायचं काहीच नाही, त्यामुळे लहानांसाठी उत्तम.

२. फ्लॉवरची मेंढी: मुठीएवढा तुरा घ्या. खालून चार काड्या टोचून पाय करा. डोक्यासाठी छोटा बटाटा काडीने जोडा आणि त्याला लवंगांचे डोळे लावा.

३. रताळ्याचा उंदीर: एक टोक निमुळतं असलेलं रताळं निवडा, ते झालं नाक. दुसऱ्या टोकाला बारीक मूळ असेल तर शेपूट आयती मिळते, नाहीतर मेथीची काडी खोचा. वर दोन खाचा पाडून गाजराच्या चकत्या बसवल्या की कान तयार.

४. कारल्याची मगर: कारल्याच्या जाड टोकाला आडवा काप देऊन जबडा उघडा. आत ओल्या खोबऱ्याचे किंवा मुळ्याचे छोटे तुकडे दात म्हणून बसवा. डोळ्यांना काडीवर दोन मटार.

५. वांग्याचा पेंग्विन: लांबट जांभळं वांगं घ्या. देठाकडची बाजू डोकं. खालचं टोक सपाट कापा, म्हणजे ते उभं राहील. समोरची साल काढली की पांढरं पोट दिसतं. त्याच सालीचे दोन पंख करा. गाजराच्या तुकड्याची चोच आणि लवंगांचे डोळे लावा.

कोणत्या वयात कोणतं काम?

* ३ ते ५ वर्षं: भाज्या धुणं, निवडणं, चकत्या मांडणं.
* ६ ते ८ वर्षं: लवंगा आणि काड्या टोचणं, बटर लावायच्या बोथट सुरीने काकडी कापणं. गाजर, बटाटा कडक लागत असेल तर अर्धवट उकडून द्या.
* ९ वर्षांपुढे: मोठं माणूस शेजारी असताना सोलाणं आणि छोटी सुरी.

पाच वर्षांखालची मुलं असतील तर लवंगा, मटार, गाजराचे कडक तुकडे घशात अडकणार नाहीत याकडे लक्ष ठेवा. आणि किती टूथपिक लावल्या ते मोजून ठेवा. प्राणी सुटा करताना तेवढ्याच परत मिळाल्या पाहिजेत. एखादी भाजीत राहून गेली तर ती तोंडात टोचते.

प्राणी सकाळपर्यंत ताजा कसा ठेवायचा?

वांगं किंवा बटाटा कापला की काळपट का पडतो? कापल्यावर पेशी फुटतात आणि त्यातल्या द्रव्यांचा हवेतल्या ऑक्सिजनशी संबंध येतो. एका विकरामुळे ही क्रिया झपाट्याने होते आणि तपकिरी रंग तयार होतो. आंबटपणामुळे हे विकर मंदावतं, म्हणून कापलेल्या जागी लिंबाचा रस लावा.

गाजर, मुळा लुळे पडतात ते पाणी कमी झाल्यामुळे. थोडा वेळ गार पाण्यात ठेवले की पेशी पाणी शोषतात आणि तुकडे पुन्हा ताठ होतात. मीठ मात्र लावू नका, ते उलट पाणी बाहेर काढतं. तयार प्राणी ओल्या सुती कापडाने झाकून, डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवा.

कोणत्या भाज्या टाळायच्या?

* सुरण आणि अळू: यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. कच्च्याला हात लावला तरी खाज सुटू शकते.
* हिरवी मिरची: पोपटाची चोच म्हणून छान दिसते, पण तोच हात डोळ्याला लागला तर रडारड नक्की. त्याऐवजी ढोबळी मिरची वापरा.
* हिरवा पडलेला किंवा कोंब आलेला बटाटा: यात सोलानिन हे विषारी द्रव्य वाढलेलं असतं आणि ते उकडूनही पुरतं जात नाही.

खेळून झाल्यावर भाजी वाया जाते का?

जायला नको. घरी केलेल्या प्राण्याचा फोटो काढा, काड्या काढा आणि सरळ स्वयंपाकाला लागा. मेंढीची फ्लॉवर-बटाटा भाजी होते, पेंग्विनचं भरीत, सुरवंटाची कोशिंबीर. शाळेत दिवसभर बाहेर राहिलेला प्राणी मात्र खाऊ नका, तो ओल्या कचऱ्यात किंवा कुंडीतल्या खतात जाऊ द्या.

या खेळाचा आणखी एक फायदा आहे. इंग्लंडमधल्या डी माँटफर्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी ३ ते ४ वर्षांच्या मुलांवर एक प्रयोग केला. तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. काही मुलं खऱ्या फळं-भाज्यांशी खेळली, काही इतर वस्तूंशी, तर काहींनी फळं-भाज्या नुसत्या पाहिल्या. नंतर चव घ्यायला दिल्यावर भाज्या हाताळलेल्या मुलांनी जास्त प्रकार चाखून पाहिले. अनोळखी भाजीला नाक मुरडणं या वयात अगदी सामान्य असतं. हाताला तिची ओळख झाली की ती तोंडात घालणं थोडं सोपं जातं.

पण ही ओळख मुलांच्या हातांना व्हायला हवी, आईबाबांच्या नाही. म्हणून पुढच्या वेळी साडेआठला मेसेज आला, तर व्हिडिओ शोधू नका. फ्रीज उघडा, मुलांना जवळ बोलवा आणि एक कारलं त्यांच्या हातात द्या. मगर एका डोळ्याने तिरळी झाली तरी चालेल. "ही मी केली," असं वर्गात सांगताना ते खरं असलं म्हणजे झालं.