लाल दिवा : टपावरून काचेआड

१/ मराठीत ‘लाल दिवा’ ही आता वस्तू राहिलेली नाही, ते पदाचे नाव झाले आहे. ‘यंदा आपल्या तालुक्याला लाल दिवा मिळाला’ असे म्हटले, की मंत्रिपद मिळाले हे वेगळे सांगावे लागत नाही. आजच्या धाग्यात त्या दिव्याचा इतिहास पाहू. मात्र मानापमानाच्या कथेपेक्षा थोडा अधिक वेळ एका उपेक्षित प्रश्नाला देऊ : इशाऱ्याचा दिवा टपावरून गाडीच्या आत आला, तेव्हा चालकाच्या डोळ्यांचे काय झाले?

२/ या विषयाला नांदेड-लातूरइतका साजेसा मुलूख दुसरा नाही. या दोन जिल्ह्यांनी राज्याला चार मुख्यमंत्री दिले : शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख आणि अशोक चव्हाण. गंमत अशी, की मुख्यमंत्रिपद दोनदा थेट लातूरकडून नांदेडकडे गेले. १९८६ मध्ये निलंगेकरांनंतर शंकरराव आले आणि २००८ मध्ये विलासरावांनंतर अशोकराव. लोकभाषेत सांगायचे तर, राज्यातला सर्वांत मोठा लाल दिवा दोन्ही वेळा अहमदपूर-लोह्याच्या वाटेने गेला!

३/ दिव्याचे मूळ मात्र दरबारी नाही, ते समुद्राकाठचे आहे. ऑग्युस्तँ फ्रेनेल या फ्रेंच अभियंत्याने १८२२ च्या सुमारास दीपगृहासाठी खाचाखाचांचे भिंग सिद्ध केले. थोडक्या ज्योतीचा प्रकाश एकवटून दूरवर फेकणे, हे त्याचे काम. मोटारीवरील अनेक इशारादिव्यांच्या रंगीत घुमटावर ज्या वर्तुळाकार रेघा दिसतात, त्या या भिंगाच्याच वंशज. हे नाव लक्षात ठेवावे. फ्रेनेल पुढे पुन्हा भेटणार आहे, आणि तेव्हा तो दिव्याच्या बाजूने नसेल.

४/ लाल म्हणजे धोका, हा संकेत एकोणिसाव्या शतकात रेल्वेने जगभर रुजवला. रस्त्यावर जर्मनीने १९३८ मध्ये आपत्कालीन वाहनांसाठी निळा रंग निवडला. अमेरिकेत ‘बीकन रे’ नावाचा गरगर फिरणारा टपावरचा दिवा १९४८ मध्ये बाजारात आला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले आणि नांदेडकरांची निजामी राजवट संपली. दोन घटनांचा परस्परसंबंध काहीच नाही. काळाचे भान यावे म्हणून सांगितले.

५/ भारतात या दिव्याला कायद्याचे घर मिळाले ते केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नियम १०८ मध्ये. वाहनाच्या पुढच्या बाजूस लाल दिवा दिसता कामा नये, हे त्याचे मूळ सूत्र. पण केंद्र व राज्य सरकारे ज्या मान्यवरांची नावे ठरवतील, त्यांना त्यातून सूट होती. सगळी मेख या सुटीत आहे. ‘वाट द्या, जीव वाचवायचा आहे’ आणि ‘वाट द्या, साहेब येत आहेत’ ही दोन वाक्ये एकाच दिव्याच्या तोंडी आली.

६/ पहिल्या वाक्याचा अर्थ काय असतो, हे लातूरकरांना कोणी शिकवण्याची गरज नाही. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे चार वाजण्यास काही मिनिटे कमी. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून माणसे नुकती झोपली होती. किल्लारी-सास्तूर परिसरातील गावे दगडमातीच्या भिंतींखाली गाडली गेली. मृतांचा सरकारी आकडा ७,९२८. अशा वेळी अरुंद रस्त्यावर समोरून येणारे वाहन कशासाठी धावते आहे, हे दुरूनच ओळखू येणे म्हणजे मिनिटे वाचणे. इशारादिव्याचे एवढेच काम आहे, आणि तेवढे पुरेसे मोठे आहे.

७/ पुढे सूट इतकी सैल झाली, की प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. अभयसिंह विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या खटल्यात न्या. जी. एस. सिंघवी व न्या. सी. नागप्पन यांच्या पीठाने १० डिसेंबर २०१३ रोजी निकाल दिला. लाल दिवा केवळ उच्च घटनात्मक पदांवरील व्यक्तींना, तोही कर्तव्यावर असताना. पोलीस, रुग्णवाहिका, अग्निशमन यांनी निळा, पांढरा वा बहुरंगी दिवा वापरावा. १९ एप्रिल २०१७ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्यवरांची सूटच रद्द केली, अंमल १ मे पासून. महाराष्ट्र दिनाच्या मुहूर्तावर राज्यातल्या मंत्र्यांचे टप मोकळे झाले.

८/ इतिहास बहुधा इथेच संपवला जातो. माझ्या मते खरी मजा इथून पुढे आहे. दोन्ही निर्णयांचा भर दिवा ‘कोणाला’ आणि ‘कोणत्या रंगाचा’ यावर होता. तो गाडीत ‘कोठे’ बसवावा, याची चर्चा कोणी मन लावून केली नाही. टपावरचा दिवा गेल्यावर छोटे फ्लॅशर काही गाड्यांच्या जाळीत शिरले, तर काही गाड्यांत पुढच्या काचेमागे डॅशबोर्डवर येऊन बसले. अधिकार नसलेल्यांना ते सोयीचे, कारण पटकन लपवता येतात. साध्या वेषातील पोलिसांची गरज मात्र खरी आहे. त्यांच्या गाडीला टपावर जाहिरात करून चालत नाही.

९/ आणि येथे फ्रेनेल परत येतो. काचेवर पडणाऱ्या प्रकाशाचा किती भाग परत फिरतो, याचे गणित त्याने १८२३ मध्ये मांडले. समोरून पडलेल्या प्रकाशापैकी काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के परततो. दोन पृष्ठभागांचे मिळून ८. पण मोटारीची काच तिरकी असते. किरण साठ अंशांच्या कोनात आदळले, तर हे प्रमाण जवळजवळ दुप्पट होते. दीपगृहाचा उजेड दूर नेणाऱ्या माणसानेच तो घरी किती परत येईल, हेही सांगून ठेवले होते.

१०/ या परतलेल्या उजेडावर लंडनमध्ये लोकांनी तिकिटे काढली आहेत. डिसेंबर १८६२ मध्ये जॉन हेन्री पेपर यांनी रॉयल पॉलिटेक्निकमध्ये रंगमंचावर तिरकी काच उभी केली आणि खाली लपवलेल्या नटावर प्रखर दिवा सोडला. प्रेक्षकांना अधांतरी भूत दिसले! काचेमागे फ्लॅशर लावलेल्या गाडीचा चालक हाच खेळ रात्रभर पाहतो. फरक इतकाच, की भुताच्या पलीकडे रंगमंच नसून रस्ता असतो.

११/ त्यात रंगाची एक विलक्षण विसंगती. चेक शास्त्रज्ञ पुर्किन्ये यांनी १८२५ मध्ये नोंदवले, की अंधारात डोळ्याला लाल रंग काळपट भासतो आणि निळा उजळ. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या कक्षात लाल प्रकाश ठेवत तो याचसाठी, डोळ्यांची अंधाराची सवय मोडू नये म्हणून. ही सवय पूर्ण लागायला वीस ते तीस मिनिटे लागतात. म्हणजे लालऐवजी निळा आल्याने बाहेरच्यांना दिवा रात्री अधिक ठळक दिसू लागला, पण तोच काचेवरून उलटला तर चालकाला अधिक जाचक ठरला.

१२/ याची किंमत मोजता येते. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. हंगामात लातूर-नांदेड रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात, कित्येकींना मागे दिवा नसतो. भुताने एक सेकंद रस्ता झाकला, तर ट्रॉली २२ मीटर जवळ आलेली असते.

१३/ उपाय फार जुना आहे आणि एसटीच्या चालकांना पाठ आहे. रात्रगाडी निघाली की चालक आतले दिवे बंद करायला लावतो. भौतिकशास्त्राचे पुस्तक न उघडता फ्रेनेल आणि पेपर दोघेही त्याला समजलेले असतात. फ्लॅशरलाही तेच लागू. दिव्याभोवती काळे, बिनचकाकीचे झाकण असावे आणि त्याची कड रबराने काचेला अगदी चिकटलेली असावी. फट राहिली तर त्या फटीतूनच उजेड आत सांडतो. दिवा डॅशबोर्डवर न ठेवता काचेच्या वरच्या कडेला, आरशामागे लावावा. डॅशबोर्डवर काळे मखमली कापड अंथरावे. काच आतूनही पुसावी, कारण धुळीचा थर परावर्तनाला धुके जोडतो. रात्री दिव्याची प्रखरता कमी करणारे बटण असेल, तर ते वापरावे. (गणपतीच्या मूर्तीमागे चमचमणारा एलईडी लावणाऱ्यांनी हे सर्व स्वतःसाठीही वाचावे. देव रागावणार नाही.)

१४/ ‘मग काचेलाच काळी फिल्म लावू’ हा मार्ग बंद आहे. नियम १०० नुसार पुढच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. शिवाय अविषेक गोएंका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ रोजी काचांवरील काळ्या फिल्मवर बंदी घातली. तशीही फिल्म येथे निरुपयोगी, कारण ती भुताबरोबर रस्ताही मंद करते.

१५/ २०२४ मध्ये पुण्यात एका परिविक्षाधीन सनदी अधिकाऱ्याच्या खासगी मोटारीवरील अंबर दिव्यावरून देशभर गदारोळ झाला. चर्चा पुन्हा ‘कोणाला’ याच प्रश्नाभोवती फिरली. इकडे २०१४ पासून राज्यात धावणाऱ्या रुग्णवाहिकेचा क्रमांकही, योगायोगाने, १०८. तिचा दिवा टपावर असतो, चालकाच्या डोक्याच्या वर, जिथून त्याचा उजेड पुढच्या काचेच्या आतल्या बाजूला शिवतही नाही.