रंगांचें ऋतुमान



गेल्या नवरात्रांत आमच्या घरीं रंगीत मातीचे गोळे मांडलेले होते. माती म्हटली, परंतु तिच्यांत मातीचा अंशही नसतो. पॉलिमर क्ले नांवाची ती प्लॅस्टिकची मऊ कणीक. सुमारें १३० अंश सेल्सिअस उष्णता दिली म्हणजे ती कडक होते. माझी नात तिचे डूल करीत बसली होती. नऊ दिवसांचे नऊ रंग आणि प्रत्येक दिवशीं वस्त्रास शोभणारे डूल, असा तिचा बेत. ही नऊ रंगांची चाल पुष्कळांस पुराणोक्त वाटते. वस्तुतः ती या शतकाच्या आरंभीं एका मराठी दैनिकानें रूढ केली. बहुतेक रंग वारावरून ठरतात. सोमवारीं पांढरा, मंगळवारीं लाल, गुरुवारीं पिवळा, आणि शनिवारीं चक्क राखाडी! देवीच्या सणांत राखेचा रंग, हें ऐकून आमच्या आजीनें कानांवर हात ठेवले असते.

"आजोबा, पूर्वी हे रंग कोण ठरवीत असे?" असें तिनें विचारलें. प्रश्न साधा, परंतु त्याच्या पोटांत आपल्या गांवाचा बराच इतिहास दडलेला आहे.

पूर्वी रंग ठरवीत असे ऋतु. आपल्या सोलापूर जिल्ह्यांत करडई हें रब्बीचें पीक. ऐन थंडींत ती फुलते आणि तिच्या पाकळ्यांपासून कुसुंबा निघतो. या पाकळ्यांत दोन रंग असतात. पिवळा रंग साध्या पाण्यांत सुटतो. तो पुन्हा पुन्हा धुऊन टाकावयाचा. मग खाराच्या पाण्यांत पाकळ्या मळल्या म्हणजे तांबडा सुटतो, आणि त्यांत लिंबाचा रस पडतांच तो कापडावर गुलाबी होऊन बसतो. रंग मोठा देखणा, पण उन्हानें व धुण्यानें लवकर उडणारा. पळसही फाल्गुनांतच फुलतो. रंगपंचमीचे रंग हे असे रानांतून सणाच्या वेळेवर हजर होत.

निळीचें प्रकरण निराळेंच. तिच्यावर निर्वाह करणाऱ्या जातीचें नांवच मुळीं निराळी. मूळ शब्द निळारी असावा व अक्षरांची उलटापालट होऊन तो निराळी झाला असावा, असें मला वाटतें. नीळ पाण्यांत विरघळत नाहीं. ती रांजणांत आंबवावी लागते. तेव्हां द्रव पिवळट हिरवा दिसतो. त्यांत बुडविलेलें सूत बाहेर काढलें कीं वारा लागून तें डोळ्यांदेखत निळें होतें. थंडींत रांजण आंबावयास उशीर लागे, पावसाळ्यांत सूत वाळत नसे. तेव्हां रंगाऱ्याचें पंचांग हें असें आभाळावर चाले. सूत वारंवार बुडवीत गेलें कीं रंग काळ्याच्या जवळ येई. हिरडा व लोखंड यांच्या योगानें निखळ काळाही साधे. संक्रांतीची चंद्रकळा काळी कां, तर थंडींत काळें वस्त्र ऊब धरतें. आणि त्याच दिवसांत आपल्या सिद्धेश्वराच्या यात्रेंत नंदीध्वज पेलणारे मात्र पांढऱ्या बाराबंदींत असतात! नियमाला असा अपवाद आमच्या गांवानेंच करावा.

ही घडी विस्कटली ती परदेशांतील प्रयोगशाळांत. १८५६ सालीं पर्किन या अठरा वर्षांच्या इंग्रज मुलास हिवतापावरील क्विनाईन करतां करतां जांभळा रंग सांपडला. १८६८ सालीं जर्मनांनीं मंजिष्ठेचा लाल रंग कृत्रिम रीतीनें बनविला. १८९७ सालीं कृत्रिम नीळ बाजारांत आली. सोलापुरांत १८७७ सालीं जुनी गिरण सुरू झाली होती, आणि पुढें गांवच्या कापडास डब्यांतून व पुड्यांतून हवा तो रंग हव्या त्या महिन्यांत मिळूं लागला. निराळ्याच्या हातचें कसब कोणी विकत घेईना. १९१४ सालीं युद्धामुळें जर्मन रंग बंद पडले तेव्हां देशी निळीस क्षणभर पुन्हा जीव आला, एवढेंच.

कृत्रिम रंग म्हणजे फसवा रंग, असें मी म्हणत नाहीं. उत्तम प्रतीचा कुसुंब्याहून शतपट टिकतो. फसविते ती स्वस्ताई. माझ्या लहानपणीं पूर्व भागांतील एका विणकरानें हलका रंग लावलेलें सूत उधारीवर उचललें. साड्या पहिल्या धुण्यांतच काठांपासून पदरापर्यंत बरबटल्या. व्यापाऱ्यानें सारा माल परत धाडला आणि त्या गृहस्थास माग विकावा लागला. सूत देणाऱ्याचें कांहीं बिघडलें नाहीं. पुढें १९९४ सालीं जर्मनीनें अपायकारक अझो रंगांवर बंदी घातली, १९९७ सालीं आपल्या सरकारनेंही घातली.

आतां रंग ठरवितें कोण? १९१५ सालीं अमेरिकेंत कापडाच्या रंगांच्या नमुना-पत्रिका काढणारी एक संस्था स्थापन झाली. २००० सालापासून पँटोन ही कंपनी वर्षाचा रंग जाहीर करते. ऋतूचें काम आतां कचेरींत होतें.

नातीस मोरपंखी कांहीं केल्या साधेना. निळ्यांत ती पिवळा घाली आणि गोळा निळाच राही. मीं तिला सांगितलें, आधीं पिवळा घे आणि त्यांत निळ्याची चिमूट टाक. गडद रंग थोडाही पुरतो. जुने रंगारी हिरवा असाच दोन रंगांचा करीत, फक्त क्रम उलटा: आधीं निळीचा हात, वर हळदीचा. हळद उन्हांत आधीं उडे, म्हणून त्यांची हिरवी साडी वर्षा-दोन वर्षांत निळी होई. हें ऐकून ती हंसली, आणि मोरपंखी जमला. बिघडलेले गोळे मात्र तिनें टाकले नाहींत. सगळे एकत्र मळून त्यांत थोडें पांढरें घातलें, आणि शनिवारचे डूल झाले.