मानव्यविद्यांतील संस्कृति-अध्ययन

महाविद्यालयीन शिक्षणाच्या प्रारंभीच्या वर्षांत, विद्यार्थ्याचा मुख्य विषय कोणताही असला, तरी त्यास निरनिराळ्या मानवी संस्कृतींचा त्यांच्या ग्रंथांच्या, कलांच्या, धर्मविचारांच्या व सामाजिक संस्थांच्या द्वारे परिचय करून देणारी अध्ययनपद्धती. तिचा विकास मुख्यत्वे विसाव्या शतकात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत झाला. इंग्लंडमध्ये विद्यार्थी प्रथमपासूनच एका विषयाकडे वळतो. १८५७ साली स्थापन झालेली मुंबई, कलकत्ता व मद्रास ही विद्यापीठे लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर उभारण्यात आल्यामुळे भारतातही असा सर्वसाधारण अभ्यासक्रम दीर्घकाळ रुजला नाही. राधाकृष्णन आयोगाने (१९४८–४९) सामान्य शिक्षणाची शिफारस केली. तथापि ती मोजक्याच विद्यापीठांत काही प्रमाणात अंमलात आली.

या अध्ययनाच्या इतिहासात एक गोष्ट ठळकपणे आढळते. त्याच्या कक्षा बहुतेक प्रत्येक वेळी युद्धामुळे किंवा राजकीय संघर्षामुळे रुंदावल्या. निव्वळ ज्ञानजिज्ञासेने त्या क्वचितच रुंदावल्या. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ मध्ये, अमेरिकेतील महाविद्यालयांतून लष्करी शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांना युद्धाची कारणे समजावीत म्हणून ‘युद्धविषयक प्रश्न’ हा अभ्यासक्रम शिकविण्यात येऊ लागला. युद्ध संपताच न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील अध्यापकांनी त्याच धर्तीवर शांततेच्या प्रश्नांचा अभ्यासक्रम तयार केला आणि १९१९ मध्ये ‘काँटेम्पररी सिव्हिलायझेशन’ या नावाने तो सर्व नवागत विद्यार्थ्यांना सक्तीचा केला. यातील ‘सिव्हिलायझेशन’ म्हणजे पश्चिमी संस्कृती, हे इतके गृहीत धरलेले होते की, तसे स्पष्ट म्हणण्याची आवश्यकताही कोणास भासली नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात याच विद्यापीठात शिकत होते व मे १९१६ मध्ये गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या परिसंवादात त्यांनी भारतातील जातिसंस्थेवर निबंध वाचला होता. संशोधनाच्या पातळीवर भारत तेथे अगोदरच पोहोचला होता. पदवीपूर्व वर्गात येण्यास त्याला आणखी तीस वर्षे लागली.

दरम्यान याच विद्यापीठातील जॉन अर्स्किन (१८७९–१९५१) यांनी १९२० पासून निवडक विद्यार्थ्यांसाठी आठवड्यास एक अभिजात ग्रंथ, आवश्यक तेथे अनुवादातून, वाचण्याचा उपक्रम सुरू केला. मूळ ग्रीक वा लॅटिन न जाणता होमर किंवा प्लेटो वाचणे हे जुन्या पंडितांना अप्रशस्त वाटे. पण याच सवलतीमुळे पुढे इतर भाषांतील ग्रंथांना वर्गाचे दार उघडले. अर्स्किन यांचे विद्यार्थी मॉर्टिमर अ‍ॅड्लर (१९०२–२००१) व शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष रॉबर्ट हचिन्झ (१८९९–१९७७) यांनी ही पद्धती शिकागोत नेली. त्यांच्या संपादनाखाली १९५२ मध्ये पश्चिमी जगातील थोर ग्रंथांचा ५४ खंडांचा संच प्रसिद्ध झाला. त्यात ७४ लेखक आहेत. त्यांत आशियाई विचारवंत एकही नाही. संचाच्या नावातच मर्यादा नमूद असल्यामुळे ही उणीव संपादकांना उणीव वाटली नसावी.

आशियाई संस्कृतींचा पद्धतशीर अंतर्भाव दुसऱ्या महायुद्धानंतर झाला. कोलंबियाचे पदवीधर विल्यम थिओडोर डी बॅरी (१९१९–२०१७) यांनी विद्यार्थिदशेतच चिनी भाषेचा अभ्यास आरंभिला होता व युद्धकाळात ते नौदलाच्या गुप्तवार्ता विभागात होते. त्यांच्या पुढाकाराने १९४० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ‘ओरिएंटल सिव्हिलायझेशन्स’ व ‘ओरिएंटल ह्यूमॅनिटीज’ हे अभ्यासक्रम उभे राहिले. विद्यार्थ्यांच्या हाती देण्याजोगे इंग्रजी अनुवाद उपलब्ध नव्हते, म्हणून मूळ साधनांतील वेच्यांचे संग्रह तयार करण्यात आले. त्यांपैकी भारतीय परंपरेविषयीचा ‘सोर्सेस ऑफ इंडियन ट्रॅडिशन’ हा ग्रंथ १९५८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील वैदिक व हिंदू धर्मविषयक भागांचे काम पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे रा. ना. दांडेकर (१९०९–२००१) यांच्याकडे होते. हिंदू धर्मावरील भागात व्ही. राघवन त्यांचे सहकारी होते. आधुनिक भारतावरील भागात न्या. रानडे, गोखले व टिळक यांच्या लेखनास स्थान मिळाले. अमेरिकन विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांना भारताची पहिली ओळख या ग्रंथाने करून दिली.

शिकागो विद्यापीठाने वेगळा मार्ग स्वीकारला. मानवशास्त्रज्ञ रॉबर्ट रेडफील्ड (१८९७–१९५८) व मिल्टन सिंगर (१९१२–१९९४) यांनी ‘महान परंपरा’ आणि ‘लघुपरंपरा’, म्हणजे ग्रंथांतील संस्कृती आणि खेड्यातील संस्कृती, यांचा एकत्र विचार करण्याचा आग्रह धरला. १९५६ च्या सुमारास तेथे भारतीय, चिनी व इस्लामी संस्कृतींचे वर्षभराचे परिचय-अभ्यासक्रम सुरू झाले. इस्लामी संस्कृतीचा अभ्यासक्रम मार्शल हॉजसन (१९२२–१९६८) यांनी घडविला. जगाच्या इतिहासाला यूरोपच्या मापाने मोजण्याची सवय किती खोल रुजलेली आहे हे दाखविण्यासाठी ते मर्केटर प्रक्षेपावरील नकाशाचा दाखला देत : त्यात उत्तरेकडील यूरोप फुगून दिसतो व भारतासारखा दक्षिणेकडील प्रदेश आक्रसतो. वर्गासाठी वर्षानुवर्षे लिहिलेल्या त्यांच्या पाठांतून ‘द व्हेंचर ऑफ इस्लाम’ हा तीन खंडांचा ग्रंथ सिद्ध झाला व त्यांच्या मृत्यूनंतर १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. नवागतांना शिकविण्याच्या गरजेतून त्या विषयातील एक अग्रगण्य ग्रंथ निर्माण व्हावा, ही गोष्ट अध्यापनाला संशोधनापेक्षा कमी लेखणाऱ्यांनी लक्षात घेण्याजोगी आहे.

ऑक्टोबर १९५७ मध्ये सोव्हिएट रशियाने स्पुटनिक हा उपग्रह सोडला आणि अमेरिकेत शिक्षणविषयक चिंतेची लाट उसळली. पुढील वर्षीच्या राष्ट्रीय संरक्षण शिक्षण अधिनियमाने परकीय भाषांच्या व प्रदेशांच्या अभ्यासकेंद्रांना अनुदान मिळू लागले. भारताला धान्य पुरविल्याबद्दल जमा झालेल्या रुपयांतून, ‘पी. एल. ४८०’ या कायद्यानुसार, १९६२ पासून भारतीय भाषांतील पुस्तके खरेदी करून अमेरिकन ग्रंथालयांकडे पाठविण्यात आली. त्यांत मराठी पुस्तकेही होती. गव्हाच्या मोबदल्यात ज्ञानेश्वर-तुकारामांचे ग्रंथ अमेरिकेतील विद्यापीठांच्या कपाटांत गेले, असे म्हणण्यास हरकत नाही.

यानंतरचा संघर्ष विद्यार्थ्यांनी उभा केला. सॅन फ्रॅन्सिस्को स्टेट महाविद्यालयात नोव्हेंबर १९६८ ते मार्च १९६९ असा सु. पाच महिने संप झाला. कृष्णवर्णीय, आशियाई, मेक्सिकन व मूळ अमेरिकन वंशांच्या विद्यार्थ्यांची मागणी अशी होती की, त्यांच्या समाजांचा इतिहास अभ्यासक्रमात यावा. परिणामी तेथे वांशिक अध्ययनाची स्वतंत्र शाखा स्थापन झाली. स्टॅनफर्ड विद्यापीठातील वाद अधिक गाजला. तेथे १९८० पासून ‘वेस्टर्न कल्चर’ हा वर्षभराचा अभ्यासक्रम सक्तीचा होता व त्यासाठी पंधरा ग्रंथांची यादी होती. ती केवळ पश्चिमी पुरुष लेखकांची आहे, या आक्षेपावरून जानेवारी १९८७ मध्ये मोर्चा निघाला. त्यात जेसी जॅक्सनही सहभागी होते. ३१ मार्च १९८८ रोजी अध्यापक-सभेने ३९ विरुद्ध ४ मतांनी ‘कल्चर्स, आयडियाज अँड व्हॅल्यूज’ हा नवा अभ्यासक्रम मंजूर केला. अमेरिकेचे तत्कालीन शिक्षणमंत्री विल्यम बेनेट यांनी स्टॅनफर्डला येऊन त्यावर कठोर टीका केली. वास्तविक बदल घोषणांच्या मानाने सौम्य होता. प्लेटो व बायबल कायमच राहिले. त्यांच्या जोडीला स्त्रियांचे, अल्पसंख्याकांचे लेखन आणि किमान एका यूरोपेतर संस्कृतीचा अभ्यास आला. हाही अभ्यासक्रम १९९७ मध्ये बंद झाला. कोलंबियात मात्र १९१९ चा अभ्यासक्रम बदलत्या ग्रंथयादीसह चालू असून त्याच्या जोडीला ‘ग्लोबल कोअर’ या नावाने यूरोपेतर संस्कृतींचे अध्ययन आवश्यक आहे.

या वादांत यादीत कोणाचा ग्रंथ असावा याची चर्चा पुष्कळ झाली. तो ग्रंथ संस्कृतीच्या कोणत्या अंगाचे दर्शन घडवितो, याची चर्चा त्या मानाने थोडी झाली. एखाद्या संस्कृतीच्या वाट्यास एक वा दोन आठवडे येतात आणि तेवढ्यात वाचता येईल असा, स्वस्त व सुबोध अनुवाद असलेला ग्रंथच निवडला जातो. ‘गेंजी मोनोगातारी’ ही जपानी कादंबरी वर्गात आली, ती आर्थर वेली यांच्या १९२५–३३ मधील अनुवादामुळे. ज्ञानेश्वरीचा वि. गो. प्रधान यांनी केलेला इंग्रजी अनुवाद १९६७–६९ मध्ये प्रसिद्ध झाला, तर तुकारामांच्या अभंगांचे दिलीप चित्रे यांनी केलेले अनुवाद १९९१ मध्ये. फ्रेझर व मराठे यांचे त्यापूर्वीचे भाषांतर जुन्या वळणाचे होते. भगवद्‌गीता व उपनिषदे यांचे अनुवाद विपुल असल्याने बहुतेक विद्यार्थ्यांच्या लेखी भारत म्हणजे प्राचीन भारत ठरला. एडवर्ड सैद (१९३५–२००३) यांनी ‘ओरिएंटॅलिझम’ (१९७८) या ग्रंथात घेतलेला आक्षेप हाच आहे : पौर्वात्य समाज काळाबाहेरचा मानला, की त्याच्या वतीने दुसऱ्यानेच बोलावे लागते. स्वतः सैद कोलंबियातच अध्यापन करीत.

या उणिवेवर एक उपाय मराठीतून मिळाला. इरावती कर्वे (१९०५–१९७०) यांचा पंढरीच्या वारीवरील ‘वाटचाल’ हा लेख ‘परिपूर्ती’ या त्यांच्या संग्रहात आहे. त्याचा इंग्रजी अनुवाद १९६२ मध्ये ‘जर्नल ऑफ एशियन स्टडीज’ या नियतकालिकात आला. मिनेसोटातील कार्लटन महाविद्यालयाच्या प्राध्यापिका एलिनॉर झेलिअट (१९२६–२०१६) व फलटण येथे स्थायिक झालेल्या मॅक्सीन बर्नसन यांनी महाराष्ट्रातील धर्मजीवनावर संपादिलेल्या ‘द एक्स्पीरियन्स ऑफ हिंदुइझम’ (१९८८) या संग्रहातही तो समाविष्ट आहे. या लेखात सिद्धांताचे प्रतिपादन नाही. लेखिका दिंडीबरोबर चालते, सर्वांसह भजनात रमते आणि एकाच दिंडीत ब्राह्मण व मराठा यांच्या पंक्ती वेगळ्या बसतात हे पाहून व्यथित होते. भक्तीने सांगितलेली समता आणि जेवणाच्या वेळी पाळलेला भेद, ही दोन्ही त्यात लपविलेली नाहीत. ज्या विद्यार्थ्याने गीता वाचली आहे, त्याला हा लेख वाचताना आपली समजूत तपासून पाहावी लागते.